एच६१ की एच६१०? सेलमधला स्वस्त ‘आय-५’ घेण्याआधी

‘कोअर आय-५, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, विंडोज ११, मॉनिटरसह.’ किंमत ब्रँडेड डेस्कटॉपच्या निम्मी. ऑनलाइन सेलमध्ये असे संच धडाधड खपतात. डबा कोरा, कॅबिनेटमध्ये रंगीत दिवे, त्यामुळे घरी आल्यावर कुणाला शंकाही येत नाही.

‘आय-५’ हे प्रोसेसरचे नाव इंटेल २००९पासून वापरते. प्रोसेसरची पिढी (तो कोणत्या काळातला आहे) लिहिली नसेल, तर त्या नावावरून काहीच कळत नाही. या संचांत बहुतेक वेळा आय५-२४०० किंवा आय५-३४७० निघतो, म्हणजे २०११-१२ सालचा, ऑफिसांच्या जुन्या मशीनमधून काढलेला. तो एच६१ या त्याच काळातल्या प्रकारच्या मदरबोर्डवर बसवलेला असतो. बोर्ड नवा छापलेला असतो, म्हणून विक्रेता बिनदिक्कत ‘ब्रँड न्यू’ लिहितो. आजच्या स्वस्त बोर्डाचे नाव आहे एच६१०, तो २०२२चा आणि बाराव्या पिढीपासूनचे प्रोसेसर घेणारा. एका शून्यात अकरा वर्षांचा फरक आहे, आणि घाईत वाचणारा नेमका तिथेच फसतो.

रॅम डीडीआर३ या जुन्या प्रकारची असते, पुढे नव्या बोर्डला चालत नाही. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, इथे ती तपासणी चुकवून बसवलेली असते, त्यामुळे मोठे अपडेट आपोआप येत नाहीत. विंडोज १०वर परतावे, तर तिचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिव्हेशन उघडा. घरच्या संगणकावर ‘संस्थेच्या अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हिस’चा उल्लेख दिसला, तर लायसन्स खरे नाही असे समजा.

एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, मोठ्या अक्षरांत ४५० वॉट असते. खालचा बारीक तक्ता वाचा: १२ व्होल्टसमोर १४ अँपिअर असेल, तर मुख्य लाइनवर मिळतात जेमतेम १६८ वॉट. वर ग्राफिक्स कार्ड लावले की गेम सुरू असताना मशीन रीस्टार्ट होते. असा एसएमपीएस जळताना कधीकधी बोर्डही घेऊन जातो.

स्वस्त विकण्यात मुळात काहीच गैर नाही. अमेरिकेत वॉलमार्टने २००७मध्ये एव्हरेक्सचा संगणक सुमारे २०० डॉलरला विकला: साधा व्हीआयए प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, विंडोजऐवजी लिनक्स, मॉनिटर नाही. कमी काय आहे ते उघड होते. इथे तेच लपवले जाते, आणि त्याचा मार मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या किंवा गावातल्या प्रामाणिक असेंबलरला, म्हणजे सुटे भाग जोडून संगणक बनवून देणाऱ्याला बसतो. तो पिढी लिहून, जीएसटी बिल देऊन कोटेशन करतो. गिऱ्हाईक मोबाइलवरचा सेलचा भाव दाखवून निघून जाते. मग काही दुकानदारही एच६१ ठेवू लागतात. हे आम्हाला सगळ्यात जास्त खुपते.

घेण्याआधी प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, बोर्डाचे मॉडेल आणि रॅमचा प्रकार लेखी विचारा. उत्तराचा आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवा. डबा उघडताना सलग व्हिडिओ करा. सुरू होताच कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स भागात प्रोसेसरचे नाव बघा, रिटर्नची मुदत संपण्याआधी.

मुदत गेली, तरी साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण देणे नियमाने बंधनकारक आहे. नाही दिले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही.