उघडी सँडल की बोटं झाकणारी?

चिखलदऱ्याला गाविलगड चढायचा आणि उतरून सिपना नदीत पाय घालायचे, तर बुटांपेक्षा सँडल बरी. पण कोणती?

उघडी, पट्ट्यांची सँडल मुळात पाण्यासाठीच जन्मली. 1984 मध्ये ग्रँड कॅन्यनच्या एका नदी-गाइडने साध्या चपलेला घोट्यामागून पट्टा लावला, म्हणजे धारेत ती वाहून जाऊ नये. नायलॉनचे पट्टे लवकर वाळतात आणि तळव्याखाली खडा गेला तर पाय झटकला की झालं. रामटेकजवळ खिंडसीला बोटीत चढता-उतरताना हिच्याइतकं सोयीचं काही नाही. वेल्क्रोत मात्र दिवाळीनंतर कुसळं अशी भरतात की घरी आल्यावर सुई घेऊन बसावं लागतं, आणि आत चिखल गेला की पकडच सुटते.

बोटं झाकणारीला पुढे रबराची ढाल असते. नदीतले गोटे शेवाळलेले, पाणी गढूळ. ठेच लागली तर नख वाचतं. बाभळीचा काटा बाजूने लागला तरी थोडा अडतो. खालून आला तर दोन्हींचं नशीब सारखंच. पण हिच्यात शिरलेली वाळू निघता निघत नाही. थांबा, काढा, झटका. जड, वाळायलाही उशीर.

पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत दोन्ही हरतात. खाचांत माती भरून तळ सपाट होतो, पाय किलोभर जड. तिथं आमचा बा अनवाणीच पुढे निघून जातो.

मी डोंगर-नदी मिळून असेल तर बोटं झाकणारीच घालतो. नुसतं पाणी असेल तर उघडी.