शुगरच्या किडनीला चिनी औषध: काढा की कॅप्सूल?

शांघायमधे आपल्यापैकी कुणाच्या लघवीतून प्रोटीन जायला लागलं की ऑफिसातला एखादा चिनी सहकारी हमखास सांगतो, एकदा पारंपरिक डॉक्टरला दाखव. मीही दाखवलं. आधीच सांगतो, इर्बेसार्टन (बीपीची, किडनीलाही देतात ती गोळी) आणि डॅपाग्लिफ्लोझिन (शुगरची, किडनीलाही देतात ती) चालू होतं, आजही आहे, ते सोडायचा विचार असेल तर हे तुमच्यासाठी नाही. सोबत काय घ्यायचं एवढाच प्रश्न.

काढ्याबद्दल मला वाईट बोलवत नाही. डॉक्टर नाडी बघतात, जीभ बघतात, झोप-पोट सगळं विचारतात, गावाकडच्या वैद्यांची आठवण येते. घरी उकळत बसायला नको, हॉस्पिटलच काढा करून सीलबंद पाऊच कुरियरने पाठवतं, सकाळ-संध्याकाळ एकेक कोमट करून घशाखाली ढकलायचा, त्यापेक्षा कारल्याचा रस बरा. हुआंगछी नावाची मुळी बहुतेक वेळा असतेच, आणि दाहुआंग म्हणजे आपली पोट साफ करणारी रेवाचिनी असली तर सकाळची मीटिंग घेऊ नये. पायाची सूज उतरली, जरा तरतरी आली, हे मान्य.

पण चिठ्ठी दर दोन आठवड्यांनी बदलायची! चौदातल्या तीन वनस्पती गेल्या, चार नव्या आल्या, का तर जिभेवरचा थर बदलला. माणसागणिक औषध हीच त्यांच्या शास्त्राची खुबी, पटतंही, पण एकदा माझं पोटॅशियम वाढलं आणि किडनीच्या डॉक्टरांनी विचारलं की काय घेताय, तर मी आपला मोबाईलवर तीन चिठ्ठ्यांचे फोटो शोधत बसलो. इर्बेसार्टननेही वाढतं म्हणा, पण नक्की कशाने ते शेवटपर्यंत कळलंच नाही. वर एका चिठ्ठीत 'फांगची' ही मुळी, आणि या नावाने दोन वेगळ्या वनस्पती येतात. १९९० च्या सुमारास ब्रसेल्सच्या एका क्लिनिकमधे वजन उतरवायच्या औषधात हानफांगचीच्या जागी नावात साम्य असलेली ग्वांगफांगची आली आणि तिच्यातल्या अॅरिस्टोलोकिक अॅसिडने शंभरावर बायकांच्या किडन्या गेल्या. चीनने २००४ मधे ही ग्वांगफांगची वापरातून काढली, त्यामुळे माझ्या पाऊचमधली बरोबरच असणार, पण तपकिरी पाण्याकडे बघून काय कळतं?

मग हुआंगख्वे कॅप्सूलवर आलो. भेंडीची एक बहीण आहे, तिच्या पिवळ्या फुलाचा अर्क, चीनमधे १९९९ पासून मंजूर. (भेंडीची भाजी खाऊन तेच होईल असं घरच्यांना वाटतं, नाही होत.) कागदावर ती क्रॉनिक नेफ्रायटिससाठी (किडनीच्या जुनाट सुजेसाठी) आहे, शुगरच्या किडनीलाही डॉक्टर देतात. त्रास म्हणजे पाच-पाच करून दिवसाला १५, प्रवासात बॅगेचा एक कप्पा त्यातच जातो, आणि नाडी वगैरे कौतुक काही नाही. पण आता कुणी विचारलं तर एका शब्दात सांगता येतं, आणि रिपोर्ट हलला तर संशयित मोजकेच. माझं लघवीतलं अल्ब्युमिन (तेच ते प्रोटीन) उतरलंय, त्यातलं किती फुलाचं आणि किती डॅपाग्लिफ्लोझिनचं हे मी सांगू शकत नाही. ग्लिफ्लोझिनचं मूळही सफरचंदाच्या झाडाच्या सालीतच आहे बरं का, फक्त त्यातलं कामाचं काय ते आधी शोधून, नीट घडवून, मोजून गोळीत भरलंय.

जुळणारा, दर खेपेला तोच भेटणारा डॉक्टर असेल आणि रक्त तपासायचा कंटाळा नसेल तर काढा घेऊन बघा, मी अडवणार नाही. लेइगोंगथंग नावाची गोळी पुढे केली तर मात्र आधी लिव्हरचं विचारा, आणि मूल हवं असेल तर तेही, प्रोटीन ती कमी करते पण दोन्हीकडे दणका देते.