योगनिद्रा की आनापान? पोटुशीपणात आणि बाळ आल्यावर
योगनिद्रा पडून करायची. मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाचे स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी रुळवलेली ही विश्रांतीची पद्धत: सूचना ऐकत एकेका अवयवावरून मन फिरवायचं. सातव्या महिन्यानंतर पाठ धरते, झोप उडते, तेव्हा हीच बरी. मात्र उताणं नको. डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन. मध्येच डोळा लागला तर लागू द्या!

आनापान हे बसून करायचं ध्यान. त्यात नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास नुसता पाहायचा, रोखायचा नाही. मांडी जमत नसेल तर खुर्ची चालते.

बाळ आल्यावर पारडं फिरतं. योगनिद्रेला सलग २०-३० मिनिटं हवीत, ती कुठून आणायची? श्वास मात्र अंगावर पाजतानाही पाहता येतो, बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालणाऱ्या बाबालाही. सतत उदास, रडू येत असेल तर दोन्हींवर विसंबू नका, डॉक्टरांना गाठा.