गॅस्ट्रिक बायपासनंतर घेतलेले मेडिकल आयडी ब्रेसलेट : चौदा महिन्यांचा अनुभव

माझ्या गॅस्ट्रिक बायपासला, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठर लहान करून आतड्याला जोडण्याच्या शस्त्रक्रियेला, सोळा महिने झाले आणि मेडिकल आयडीचे, म्हणजे अडचणीच्या वेळी डॉक्टरांना कळावी अशी वैद्यकीय माहिती लिहिलेले, स्टीलचे ब्रेसलेट मनगटावर आले त्याला चौदा. ऑनलाइन मागवलेले हे ब्रेसलेट १,४५० रुपयांना पडले. स्टील उत्तम आहे. घामाने, पाण्याने किंवा भांड्यांच्या साबणाने त्याला काहीही झालेले नाही. मात्र त्यावरची अक्षरे सहाव्या महिन्यातच पुसली गेली, आणि जी वस्तू केवळ वाचली जावी म्हणून घालायची, तिचा हा दोष मी किरकोळ मानू शकत नाही.

तो लक्षात आला तोही नको त्या वेळी. जिना उतरताना पाय मुरगळला, घोटा टम्म सुजला आणि जवळच्या दवाखान्यात डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचे इंजेक्शन भरायला घेतले. वेदनेने मला धड बोलता येईना, म्हणून मी मनगट पुढे केले. सिस्टरांनी पट्टी उजेडाकडे तिरपी धरून पाहिली. त्यांना माझा रक्तगट आणि आडनावाचा शेवट एवढेच लागले. तेवढ्यात माझे यजमान गाडी लावून आत आले आणि त्यांनी सांगितले, म्हणून ते इंजेक्शन टळले. बायपासनंतर जठराची जेमतेम ३० मिलीलिटरची पिशवी उरते आणि ती लहान आतड्याला जिथे जोडलेली असते, तिथे अशा वेदनाशामकांमुळे व्रण होण्याचा धोका राहतो. एका इंजेक्शनाने अनर्थच झाला असता असे मी म्हणत नाही, पण मनाई आहे हे समोरच्याला कळायलाच हवे होते.

विक्रेत्याकडे तक्रार केली तेव्हा उत्तर आले की वॉरंटी धातूची आहे, अक्षरांची नाही. तीन ईमेल आणि दोन फोन झाल्यावर त्यांनी पुढच्या खरेदीवर १० टक्के सवलत देऊ केली, ती मी नाकारली. लेझरने पृष्ठभाग फक्त काळा केलेला होता, कोरलेला नव्हता. तशाच अक्षरांसाठी पुन्हा तेराशे रुपये का मोजायचे?

ही वस्तूच निरुपयोगी आहे, असे मी तेव्हा घरात बोलून दाखवले होते. ते मत बदलले भांड्यांच्या दुकानात. मुंजीत द्यायच्या वाट्यांवर नावे घालत बसलेल्या कारागिराला मी पट्टीची मागची कोरी बाजू दाखवली. त्याने ती लाकडी ठोकळ्यावर अंगठ्याने दाबून धरली आणि मशीनची सुई टर्र करत एकेका अक्षरावरून दोनदा फिरवली. आज आठ महिन्यांनीही नख फिरवले की प्रत्येक अक्षराची खाच लागते. त्याने साठ रुपये घेतले.

मजकूरही बदलला. रक्त चढवण्यापूर्वी रुग्णालय गट तपासतेच, म्हणून रक्तगट काढला. आता इंग्रजीत चार ओळी आहेत : गॅस्ट्रिक बायपास झालेला आहे, एनएसएआयडी (डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांच्या गटातली) वेदनाशामके देऊ नयेत, नाकातून जठरात नळी न पाहता घालू नये, आणि यजमानांचा मोबाइल क्रमांक. नळीची ओळ माझ्या सर्जननी सुचवली, कारण बेशुद्ध रुग्णाला अशी नळी घातली जाते आणि लहान पिशवीत ती अंदाजाने सरकवली तर पिशवी फाटू शकते.

गेल्या महिन्यात दाताच्या दवाखान्यात रक्तदाबाचा पट्टा बांधताना मदतनीस मुलीने विचारले, “मॅडम, हे काय लिहिलंय?” तिने ते डॉक्टरांना वाचून दाखवले आणि त्यांनी आयब्युप्रोफेन खोडून पॅरासिटामॉल लिहिले. मी तोंडात कापूस धरून बसले होते, एक शब्दही बोलले नव्हते. त्या दिवशी साठ रुपयांचे चीज झाले.

अर्थात, अमेरिकेत अशी ब्रेसलेट देणारी मेडिकअलर्ट ही संस्था १९५६ पासून आहे आणि तिथे मनगट पाहण्याची सवय रुजलेली आहे. आपल्याकडे अनेकांना ते एखाद्या देवस्थानचे कडे वाटते. म्हणून पुढच्या बाजूचे सर्पदंडाचे (काठीला वेढलेल्या सापाचे) वैद्यकीय चिन्ह लाल रंगात भरलेले असेल तेच घ्यावे. माझे नुसते चंदेरी आहे आणि ते चटकन दिसत नाही.

मापाबद्दलही सांगते. वजनाबरोबर मनगटही उतरते. चौथ्या महिन्यात माझी पट्टी फिरून आतल्या बाजूला जाऊ लागली. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याने आतापर्यंत तीन कड्या काढून दिल्या आहेत. कड्या काढता येत नाहीत अशी अखंड साखळी बायपासच्या पहिल्या वर्षात घेऊ नये.