लाकडी स्टडच्या भिंतीत ‘सेफ अँड साउंड’: बोलणं अडतं, डग्गा नाही

अमेरिका-कॅनडातल्या घरांत आतली भिंत म्हणजे लाकडी स्टड (उभ्या पट्ट्या), दोन्ही बाजूंना अर्धा इंची ड्रायवॉल (जिप्समचे तक्ते) आणि मध्ये पोकळी. तिचा एसटीसी, म्हणजे भिंत आवाज किती अडवते त्याचा अंक, जेमतेम ३३-३४. पलीकडचं बोलणं सहज कळतं. रॉकवूल कंपनीच्या ‘सेफ अँड साउंड’ बॅट्स, म्हणजे दगडी लोकरीच्या लाद्या, याच पोकळीसाठी आहेत आणि माल उत्तम आहे.

जाडी ३ इंच, रुंदी सव्वापंधरा, लांबी ४७. स्टडमधली मोकळी जागा साडेचौदा इंच, म्हणून बॅट स्टेपलशिवाय घट्ट बसते. गठ्ठ्यात १२ नग. १२ फूट लांब, ८ फूट उंच भिंतीत साधारण ९ कप्पे, प्रत्येकी दोन नग. म्हणजे दोन गठ्ठे आणावेत. कापायला पाव कापायची दातेरी सुरी झकास चालते. वायर आणि विजेच्या बॉक्ससाठी मागून खाच पाडा. बॅट कोंबली की कडेला फट राहते आणि आवाज तिथूनच निघतो. हातमोजे आणि मास्क हवेतच.

पण नुसत्या बॅटने एसटीसी तीन-पाच अंकांनीच वाढतो. कारण कंप पोकळीतून जातो तसा स्टडमधूनही जातो, आणि लोकर त्याला काय करणार? एका बाजूला रेझिलियंट चॅनल (ड्रायवॉलला स्टडपासून अलग ठेवणारी लवचिक धातूची पट्टी) आणि त्यावर पाच-अष्टमांश इंची ड्रायवॉलचे दोन थर दिले की भिंत पन्नाशी गाठते. दोन बिऱ्हाडांमधल्या भिंतीसाठी अमेरिकी बांधकाम संहिता ५० च मागते.

इथेच कामं बिघडतात. पहिल्या थराला १ इंची, दुसऱ्याला १⅝ इंची स्क्रू वापरा. लांब स्क्रू स्टडमध्ये घुसला की चॅनल असून नसल्यासारखा. नंतर टीव्ही टांगतानाही हेच घडतं. ड्रायवॉलच्या कडेने पाव इंच फट ठेवून ती अकूस्टिक सीलंटने (आवाज रोखणाऱ्या, मऊ राहणाऱ्या लुकणाने) भरा. दोन्ही बाजूंचे प्लग पॉइंट पाठीला पाठ लावून एकाच कप्प्यात नकोत.

डग्ग्याची घुमार आणि वरच्या मजल्यावरची धप-धप मात्र या बॅटच्या आवाक्याबाहेरची. पावलांसाठी वर जाड पॅडवर कार्पेट घाला. तबल्याच्या खोलीला एकमेकींना न टेकणाऱ्या दोन स्टडभिंती लागतात.

नव्या बांधकामात किंवा ड्रायवॉल उघडलेली असताना जरूर घ्या. फक्त यासाठी चांगली भिंत फोडू नका. आणि दार पोकळ, खाली बोटभर फट असेल, तर आधी भरीव दार आणि खालची सीलपट्टी आणा.