थ्री फेज सर्वो स्टॅबिलायझर, ३० केव्हीए एअर कूल्ड, वर्षभर वापरल्यानंतर

रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं ऑफसेट प्रेस आहे, दोन गाळे, एलटी (लो टेन्शन, कमी दाबाचं) कनेक्शन. गेल्या वर्षी कॅलेंडरच्या सीझनला नाइट शिफ्ट सुरू केली आणि रात्री अकरा वाजून गेले की सीटीपी मशीन (कॉम्प्युटरवरून थेट छपाईची प्लेट काढणारं) ओव्हर व्होल्टेजचा एरर देऊन बसायचं, वर एलईडीचे तीन ड्रायव्हर गेले, एसीचं पीसीबी गेलं ते वेगळंच. जो तो म्हणे सर्वो लावा, म्हणजे मोटर फिरवून व्होल्टेज स्थिर ठेवणारा स्टॅबिलायझर. एका डीलरने तर गाळा न बघता फोनवरच १०० केव्हीएचं (केव्हीए म्हणजे किती लोड पेलेल त्याचं माप) कोटेशन पाठवून दिलं.

आमचे वायरमन काका म्हणाले, शेठ आधी मोजू तरी. आठ दिवस मी पॅनलच्या मीटरवरून वहीत आकडे लिहिले. दोन फेजमध्ये दुपारी चारला ४०८ व्होल्ट, रात्री बाराला ४५८! म्हणजे सिंगल फेजला २६४ च्या आसपास, मग ड्रायव्हर उडणार नाही तर काय. तिन्ही फेज सारखेच चढत होते म्हणून काका निवांत होते, एक चढतोय आणि दुसरा पडतोय असं दिसलं असतं तर न्यूट्रल ढिला, आणि तेव्हा सर्वोबिर्वो राहू दे, आधी मेन स्विच पाडायचा. आमच्याकडे कारण साधं होतं, रात्री आजूबाजूच्या कंपन्या बंद होतात, लाइनवरचा लोड उतरला की ड्रॉपही (वायरीत पडणारं व्होल्टेज) उतरतो आणि आमच्याकडे व्होल्टेज चढतं.

नियमाने एलटीला ६ टक्के वरखाली चालतं, ४१५ धरला तर साधारण ३९० ते ४४०. तो वहीचा कागद जोडून वीज कंपनीला अर्ज दिला, दोनदा हेलपाटे झाले पण शेवटी शटडाउन घेऊन डीपीचा (ट्रान्सफॉर्मरचा) टॅप, म्हणजे आउटपुट व्होल्टेज ठरवणारी जोडणी, एक पायरी बदलून दिला. अडीच टक्के उतरलं, रात्री ४४७, दुपारी ३९८. अजून एक पायरी द्या म्हटलं तर नाही म्हणाले, आणि बरोबरच होतं त्यांचं, दुपारी ३९० च्या खाली गेलं असतं आणि शेजारच्यांच्या मोटारी तापल्या असत्या. आमचाही एक गाढवपणा सापडला, मशिनं बंद असताना पॉवर फॅक्टर सुधारायला लावलेले कपॅसिटर रात्रभर चालूच. त्याने व्होल्टेज उलट थोडं वरच ढकललं जातं. फार नाही, दोनेक व्होल्टच, पण ४४० चे कपॅसिटर फुगायला लागले होते ते यामुळेच, आणि केव्हीएएच बिलिंगमध्ये (पॉवर फॅक्टर धरून होणारं बिल) लीडिंगचाही, म्हणजे कपॅसिटर गरजेपेक्षा जास्त झाल्याचाही, फटका बसतो.

उरलेल्यासाठी हा सर्वो, फक्त सीटीपी, कॉम्प्युटर आणि त्या रूमचा एसी त्यावर टाकलाय, फोर कलर मशीन डायरेक्टच आहे. १०० चं ३० वर आलं. अनबॅलन्स्ड मॉडेल घेतलं, म्हणजे प्रत्येक फेजचा डिमर (तांब्याच्या तारेचं वेटोळं, त्यावर कार्बन ब्रश सरकवून व्होल्टेज कमीजास्त होतं) आणि मोटर वेगळी. आउटपुट ४१५ ला सेट केलंय, वर्षभरात काटा तीन-चार व्होल्टच्या पलीकडे हललेला मी पाहिला नाही आणि तो एरर परत आलेला नाही. कामाला पैकीच्या पैकी.

आता तक्रार. प्रेसमध्ये स्प्रे पावडर (छापलेले कागद एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मारतात ती) उडते, ती जाळीतून आत जाऊन डिमरवर बसते, सहा महिन्यांत आतून घर्रघर्र आवाज, उघडून पाहिलं तर कार्बन ब्रश खाल्लेला आणि तांब्यावर काळा पट्टा. डीलरने हे विकताना सांगायला पाहिजे होतं. धूळ असेल तर ऑइल कूल्ड बघा, नाहीतर आमच्यासारखा दर महिन्याला ब्लोअर मारा. आणि सर्वो म्हणजे वीज कडाडली की वाचवेल असं समजू नका, मोटर फिरून डिमर सरकेपर्यंत स्पाइक येऊन गेलेला असतो, त्याला एसपीडी (सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस) वेगळाच लावावा लागतो, आम्ही पावसाळ्याआधी लावला.

बायपास स्विचचे (सर्वो वगळून थेट लाइन देणारा) एक्स्ट्रा पैसे मागतात, ते मात्र द्या. ब्रश बदलायला दुपारभर लागली, तेवढ्या वेळात चाळीस प्लेटा आम्ही बायपासवरच काढल्या.