अ‍ॅलॉय ६: दर बदलला, जुन्या बिलाचं काय?

घाऊक किराणा दुकानांसाठी मी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहिते. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, तूप १२ टक्क्यांवरून ५ वर आलं. २० तारखेला विकलेला डबा २५ ला परत आला, तर क्रेडिट नोट मूळ बिलाच्याच दराने निघायला हवी. आमच्या आराखड्यात ती तशी निघते का, हे कोड लिहिण्याआधीच बघायला अ‍ॅलॉय घेतलं.

हे एमआयटीत डॅनियल जॅक्सन यांच्या गटाने घडवलेलं साधन. कोड चालवत नाही. वस्तू, बिल, दर यांची नाती तर्काच्या भाषेत मांडायची आणि 'असं कधीच होणार नाही' म्हणून दावा ठोकायचा. मग ते छोट्या मर्यादेतल्या सगळ्या शक्यता धुंडाळून दावा मोडणारं उदाहरण शोधतं. आमचा दावा लगेच मोडला: दर फक्त वस्तूवर लिहिलेला, म्हणून तो बदलताच जुनं बिलही ५ टक्के दाखवू लागलं. दर बिलावर गोठवला, दावा टिकला.

२०२१ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीत बदलणाऱ्या गोष्टींवर 'व्हार' (म्हणजे 'हे बदलू शकतं') लिहिता येतं. त्याआधी काळ स्वतः मांडून प्रत्येक नात्यात ओवावा लागे. आता लागोपाठच्या दोन अवस्था शेजारी-शेजारी दिसतात. 'न्यू फोर्क' दाबलं की इथवरचं तसंच ठेवून पुढे दुसरं काय घडू शकतं ते दाखवतं. मला सगळ्यात आवडलेलं बटण हेच.

डोकं खातं ते वेगळंच. काय बदलत नाही, हेही लिहावं लागतं! नाही लिहिलं तर दर बदलता बदलता गिऱ्हाईकाची उधारीही गायब होते, आणि साधनाच्या दृष्टीने त्यात काही गैर नसतं. पहिले काही दिवस याचा वैताग येतो. पण 'दर बदलला की उधारीला हात लागता कामा नये' हे आमच्या कुठल्याच कागदावर नव्हतं, ते इथे लिहिलं गेलं.

हिशेबाला मात्र निरुपयोगी. आकडे मुळात उणे ८ ते ७ एवढेच. १२ आणि १८ लिहायची सोयच नाही. मर्यादा वाढवता येते, पण वेग पडतो. मी दरांना सरळ नावं दिली. आणि दावा टिकला तरी पडद्यावर येतं, 'मे बी व्हॅलिड', म्हणजे 'कदाचित बरोबर'. तीनचार वस्तूंत आणि डीफॉल्ट १० पायऱ्यांत (लागोपाठच्या अवस्थांत) चूक सापडली नाही, एवढंच ते सांगतं. मालकाला हे समजावताना जीव जातो.

तरी छोट्या मर्यादेला हसू नका. यंत्रं येत-जात राहिली तरी संगणकांचं जाळं टिकावं म्हणून २००१ मध्ये मांडलेली 'चॉर्ड' पद्धत बिनचूक असल्याचं सिद्ध करता येतं म्हणून गाजली होती. संशोधक पामेला झेव्ह यांनी ती अ‍ॅलॉयमध्ये उतरवली आणि छापलेली एकही आवृत्ती बिनचूक नसल्याचं दाखवलं.

साधन फुकट आहे. जावा असली की एक जार फाईल पुरते. नियम वारंवार बदलणाऱ्या कामांसाठी पाचपैकी चार. एक गुण त्या उणे आठचा कापला.